मोटारीचे वायपर आणि पाचवी आज्ञा



वैशाख सरत आला की आपल्या गावांतून पावसाळ्याच्या बेगमीची एकच धांदल उडते. घरावरची कौले शाकारली जातात, फाटी फोडून पडवीत रचली जातात, गुरांचा पेंढा झाकला जातो. खानापूर-बेळगावकडे मिरच्या वाळवून वर्षाचे तिखट कुटून ठेवतात. गोमंतकात पुरुमेंताची खरेदी होते, आणि मडगावला पवित्र आत्म्याच्या सणाच्या सुमारास तर खास त्यासाठी पुरुमेंताचे फेस्त भरते. सुके मासे, कोकम, कडधान्ये, मीठ, छत्र्या, काही म्हणता काही विसरले जात नाही. आपल्या पूर्वजांनी घालून दिलेली ही शिस्त मोठी शहाणपणाची आहे. पाऊस आल्यावर धावाधाव करावयाची नाही, तो येण्यापूर्वीच सिद्ध असावयाचे, हे तिचे सूत्र.

परंतु या बेगमीत एका वस्तूची आठवण बहुधा कोणालाच राहत नाही. अंगणात, आंब्याखाली किंवा गोठ्याच्या कडेला उभ्या असलेल्या जुन्या मोटारीचे वायपर ही ती वस्तू होय. कौल फुटले तर पावसाचे थेंब अंथरुणावर पडतात, आणि आपण मुकाट्याने खाट बाजूला सरकवतो. वायपर निकामी झाला तर मात्र त्याची किंमत रस्त्यावरचा कोणी तरी मोजतो, आणि तो आपल्या घरचाच असतो असे नाही. म्हणून आजचा हा लेख या लहानशा वस्तूसाठी.

मोटार ही आता केवळ धनिकांची वस्तू राहिलेली नाही. अँबॅसॅडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले, मारुती ८०० चेही त्याच वर्षी थांबले, आणि ओम्नी २०१९ नंतर बनत नाही. तथापि या गाड्या आपल्या वाड्यावस्त्यांतून अद्याप धावत आहेत. कोणाच्या काकांनी आखातातून परतल्यावर हौसेने घेतलेली, कोणी शहरातील ओळखीच्या माणसाकडून चौथ्या हाताने आणलेली. रविवारी मिस्सेला आजीला हीच गाडी आणते. पहिल्या प्रभुभोजनाच्या दिवशी पांढऱ्या पोशाखातली मुले हिच्यातूनच उतरतात. मध्यरात्री कोणाला कळा सुरू झाल्या तर शेजारी हिचेच दार ठोठावतात. गाडीला वय झाले म्हणून ती टाकून देण्याचे काही कारण नाही. नोंदणीची १५ वर्षे पूर्ण झाली तरी तपासणी करून घेतल्यास खासगी मोटारीची नोंदणी पुढे ५ वर्षांसाठी नूतन करून मिळते. मात्र वृद्ध माणसाप्रमाणेच वृद्ध यंत्राचीही अधिक काळजी घ्यावी लागते, आणि त्या काळजीचा प्रारंभ डोळ्यांपासून करावा हे बरे.

वायपर हा मोटारीच्या डोळ्याची पापणी आहे. ही तुलना माझी एकट्याची नव्हे. काचेवरचे पाणी आतून हलवता येणाऱ्या पात्याने पुसावे ही कल्पना अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या मेरी अँडरसन या बाईंना सुचली. न्यूयॉर्क शहरात गारठलेल्या, बर्फाळ हवेत ट्रामचा चालक समोरची काच उघडून कुडकुडत गाडी हाकतो हे त्यांनी पाहिले, आणि १० नोव्हेंबर १९०३ रोजी आपल्या युक्तीचे पेटंट मिळवले. पेटंटची मुदत १७ वर्षांची होती. तेवढ्या काळात कोणत्याही कंपनीने ते विकत घेतले नाही, आणि पुढे प्रत्येक मोटारीवर वायपर आला तरी त्या बाईंना त्याचा पैसाही लाभला नाही. पुढे रॉबर्ट कर्न्स या अभियंत्याचा एक डोळा १९५३ साली बाटलीचे बूच लागून जायबंदी झाला. आपली पापणी सतत हलत नाही, थांबून थांबून मिटते, मग वायपरने तसेच का करू नये, असा विचार त्यांनी केला, आणि थांबून फिरणाऱ्या वायपरचे पेटंट त्यांना १९६७ साली मिळाले. आपल्या जुन्या गाड्यांपैकी पुष्कळांना ही सोय नाही. त्यांचे वायपर एक तर चालू, नाही तर बंद. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण तिचा संबंध पुढे येणार आहे.

आता हे पाते काम कसे करते ते पाहू. काचेच्या खालच्या कडेतून बाहेर आलेल्या दातेरी खुंटीवर एक दांडी बसवलेली असते. दांडीच्या सांध्यात स्प्रिंग असते. ती पात्याला काचेवर दाबून धरते. पात्याचा सांगाडा हा दाब लांबीभर वाटून देतो, आणि सांगाड्याच्या पोटात रबराची पट्टी असते. या पट्टीची खालची कड एक मिलिमीटरहूनही बारीक असते. सारे महत्त्व तिचेच. पाते उजवीकडे जाताना ही कड डावीकडे कलते, आणि परत फिरताना उजवीकडे. कोयत्याची धार जशी, तशीच ही कड. ती सरळ, लवचीक आणि अखंड असेल तर काचेवर पाण्याचा अतिशय पातळ व समान थर राहतो आणि पलीकडचे स्वच्छ दिसते. ती कडक झाली, वाकडी बसली किंवा कोठे चिरली, तर काचेवर रेघोट्या उमटतात.

येथे एक समज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते की वायपर पावसाने झिजतो, म्हणून जो पावसाळ्यात चार महिनेच चालला तो पुढील वर्षी नव्यासारखाच असणार. वस्तुस्थिती बरीच उलट आहे. पावसात काचेवरचे पाणीच रबराला वंगणाचे काम देते. रबराचा नाश होतो तो ऑक्टोबर ते मे या कोरड्या महिन्यांत. उन्हातील अतिनील किरण आणि हवेतील ओझोन वायू यांच्यामुळे रबर कडक होते व त्याला बारीक भेगा पडतात. तापलेल्या काचेवर एकाच बाजूला दबून राहिल्याने कड कायमची वळते. गाडी उभी असते, वायपर कोणी वापरत नाही, म्हणून कोणी पाहतही नाही. आणि नेमक्या त्याच काळात तो निकामी होत जातो. ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबाद येथील वाचकांना आमच्याइतका पाऊस नाही, पण ऊन आमच्याहून कडक आहे. त्यांनी तर या गोष्टीकडे अधिकच लक्ष द्यावे.

यास्तव परीक्षा मे महिन्यात घ्यावी. ती अगदी सोपी आहे. सकाळी काच थंड असताना एकाने चालकाच्या जागी बसावे, दुसऱ्याने तांब्यातांब्याने काचेवर पाणी ओतावे, आणि वायपर सुरू करावा. काचेवर जे दिसेल ते वाचता आले पाहिजे. बारीक एकेरी रेघ राहत असेल तर कडेत खडा अडकला आहे किंवा ती तेवढ्या जागी चिरली आहे. रुंद पट्टा ओलाच राहत असेल तर तेथे दाब पोहोचत नाही, म्हणजे सांगाडा वाकला आहे किंवा स्प्रिंग थकली आहे. एका दिशेने जाताना पाते नीट पुसते आणि परतताना थरथरत, कुरकुरत येते, असे असेल तर रबराची कड एका अंगाला वळून बसली आहे, नाही तर दांडीच पिळली गेली आहे. आणि साऱ्या काचेवर दुधासारखा धुरकट थर पसरत असेल, तर बहुधा पात्याचा दोष नाही. काच तेलकट आहे.

म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी काच धुवावी. आपल्या रस्त्यांवरची जांभ्या दगडाची लाल धूळ, ट्रकच्या धुराची काजळी, आणि मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावल्यास तुडतुड्यांमुळे वरून पडणारा चिकटा, हे सारे काचेवर साचत असते. प्रथम भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यावी, कारण कोरडी धूळ फडक्याने घासणे म्हणजे काचेवर वाळू घासणेच. मग पाण्यात थोडासा सौम्य साबण घालून काच धुवावी, स्वच्छ पाण्याने खळबळून घ्यावी, आणि शेवटी पांढरा विनेगर व पाणी यांच्या मिश्रणाने जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसावी. स्वयंपाकघरातला माडाचा विनेगर मात्र यासाठी घेऊ नये. त्याचा गाळ काचेवर राहतो, आणि तो सोरपोतेलातच शोभतो. त्यानंतर ओल्या स्वच्छ फडक्याने रबराची कड लांबीच्या दिशेने हलकेच पुसावी. फडके काळे होईल. दोन-तीनदा पुसून मग पुन्हा परीक्षा घ्यावी. पुष्कळदा अर्धा दोष येथेच नाहीसा होतो.

एवढे करूनही रेघा राहिल्या तर पाते बदलावे. ते निवडताना चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट लांबी. जुने पाते टोकापासून टोकापर्यंत मोजावे. दुकानात माप इंचांत किंवा मिलिमीटरमध्ये सांगतात; १४ इंच म्हणजे सुमारे ३५० मिलिमीटर, १६ म्हणजे ४००, १८ म्हणजे ४५०, २० म्हणजे ५००. दोन्ही बाजूंची पाती सारखीच असतील असे गृहीत धरू नये. दोन्ही वेगवेगळी मोजावीत. मोठे पाते अधिक काच पुसेल या मोहाने लांब पाते घेऊ नये. ते शेजारच्या पात्याशी किंवा काचेच्या चौकटीशी टक्कर देते आणि जुन्या मोटरवर अकारण भार टाकते. आखूड घेतले तर पाहावयाचा भागच ओला राहतो.

दुसरी गोष्ट दांडीचे टोक. बहुतेक गाड्यांच्या दांडीला आकड्यासारखे वळलेले टोक असते. काही फार जुन्या गाड्यांना सरळ, चपटे, संगिनीसारखे खुपसावयाचे टोक असते. तर काहींना बाजूने अडकवण्याची खीळ असते. पाते कितीही उत्तम असले तरी ते टोकावर घट्ट बसले नाही, तर ऐन पावसात उडून रस्त्यावर पडेल आणि उघडी दांडी काचेवर घासू लागेल. सर्वांत चांगला उपाय म्हणजे जुनी पाती काढून दुकानात सोबत न्यावीत, आणि कोणते उजवे व कोणते डावे ते खडूने लिहून ठेवावे.

तिसरी गोष्ट पात्याची घडण. आजकाल दुकानदार सांगाडा नसलेले, एकसंध, चपट्या काळ्या पट्टीसारखे पाते पुढे करतात. ते दिसावयास सुबक असते, आणि नव्या गाड्यांच्या बाकदार काचांवर कामही चांगले करते. त्याच्या पोटातील पोलादी पट्टी मुळातच वाकवलेली असते, आणि काचेवर दाबली गेली की सरळ होऊ पाहते. त्यातून दाब सर्वत्र पसरतो. परंतु जुन्या गाड्यांच्या काचा बहुधा सपाट असतात. बाकदार काचेसाठी घडवलेली पट्टी सपाट काचेवर सर्व ठिकाणी सारखी दाबली जाईलच असे नाही. जुन्या गाडीला जुन्या घडणीचे, धातूच्या कमानींच्या सांगाड्याचे पातेच पुष्कळदा अधिक शोभते. ते स्वस्तही असते. शिवाय सांगाडा सरळ व घट्ट असेल तर नुसती रबराची पट्टी बदलता येते. पट्टी बदलताना तिच्या दोन्ही अंगांच्या पोलादी काड्या जपून काढून नव्या रबराच्या खोबणीत घालाव्यात, आणि काड्यांच्या खाचा रबराच्या बाजूला, आतल्या दिशेने येतील असे पाहावे. नाही तर पट्टी चालता चालता सरकून बाहेर येते.

चौथी गोष्ट रबराचा ताजेपणा. रबर हे झाडाच्या चिकापासून होते. केरळात त्याची मोठी लागवड आहे, आणि आपल्या जवळ सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यातही रबराच्या बागा उभ्या राहिल्या आहेत. झाडापासून आलेली ही वस्तू खोक्यात पडून पडूनही म्हातारी होते. म्हणून दुकानातील पत्र्याच्या छपराखाली दोन-तीन उन्हाळे काढलेले पाते नवे म्हणून घेऊ नये. खोक्यावर तारीख असेल तर वाचावी. कड बोटाने हलकेच वाकवून सोडावी; ती तत्काळ सरळ झाली पाहिजे. उजेडासमोर धरून पाहावे. कड ताणलेल्या दोरीसारखी सरळ दिसली पाहिजे. पुष्कळ रबरांवर ग्रॅफाइटचा काळा लेप असतो. तो पाते सहज घसरावे यासाठी असतो, म्हणून खरवडून काढू नये. सिलिकोनची पाती महाग पडतात, पण उन्हाला अधिक टिकतात. ज्यांची गाडी बारा महिने उघड्यावर उभी असते त्यांनी त्यांचा विचार करावा.

शक्यतो दोन्ही पाती एकदमच बदलावीत. एकाचाच खर्च झेपण्यासारखा असेल तर चालकाच्या समोरचे, म्हणजे आपल्याकडे उजव्या बाजूचे, आधी बदलावे. पाते काढल्यावर उघडी दांडी उभी ठेवून दुकानात जाऊ नये. स्प्रिंगच्या जोराने ती काचेवर आपटली तर काच तडकते, आणि काही शे रुपयांच्या कामाचे काही हजारांचे काम होते. काचेवर जाड घडी केलेले पोते किंवा टॉवेल पसरावा आणि दांडी त्यावर अलगद टेकवून ठेवावी.

नवे पाते बसवूनही नीट पुसले जात नसेल तर दोष दांडीत शोधावा. वर्तमानपत्राची एक पट्टी पात्याखाली ठेवून ओढून पाहावी. मध्ये, दोन्ही टोकांना, सर्वत्र तिला सारखाच अडसर झाला पाहिजे. कोठे ती सहज सुटून येत असेल तर तेथे दाब नाही. सांध्याला गंज चढला असेल तर तेथे तेलाचा एक थेंब द्यावा. स्प्रिंगच सैल झाली असेल तर दांडी बदलावी. दांडी पिळलेली असेल तर मिस्त्रीकडून सरळ करून घ्यावी, म्हणजे पाते काचेशी काटकोनात उभे राहील. वायपर रडत रडत, फार हळू चालत असेल, तर बॉनेटखालचे सांधे कोरडे पडले असण्याचा संभव आहे. त्यांना ग्रीस द्यावे. डायनॅमो असलेल्या फार जुन्या गाडीत दिवे लावून इंजिन मंद चालू असता वायपरही मंदावतो. तो त्या गाडीचा स्वभावच समजावा.

आता नित्याची निगा. आठवड्यातून एकदा, म्हणजे शनिवारी गाडी धुताना, रबराची कड ओल्या फडक्याने पुसावी. कोरड्या काचेवर वायपर कधीही फिरवू नये. भुरभुर पावसात जुन्या गाडीचा वायपर सतत चालू न ठेवता हाताने मध्ये मध्ये चालू-बंद करावा. कर्न्स साहेबांनी यंत्राकडून जे करवून घेतले ते आपण बोटांनी करावयाचे. उन्हाळ्यात गाडी सावलीत लावावी; सावली नसेल तर पात्यांवर जुन्या कापडाची झूल घालावी. आणि काय करू नये तेही सांगतो. रॉकेल, पेट्रोल, डिझेल यांनी रबर पुसू नये. त्याने ते फुगते आणि सैल पडते. खोबरेल तेल चोळू नये. ते काचेवर पसरून रात्री समोरच्या दिव्यांची झळाळी डोळ्यांत आणते. सँडपेपरने कड घासल्यास दोन दिवस बरे वाटते, पण जी धार जपावयाची तीच आपण घासून टाकतो. काच आतून धुरकटत असेल तर त्यात वायपरचा दोष नाही. ओले कपडे आणि माणसांचे श्वास यांचा तो परिणाम होय. खिडकी बोटभर उघडी ठेवावी आणि कोरडे फडके हाताशी असावे.

वाटेतच वायपर बंद पडला तर काय करावे? जुने चालक ओला तंबाखू किंवा चिरलेला बटाटा काचेवर बाहेरून घासतात. त्यामुळे पाण्याचे थेंब न राहता पाणी पातळ पडद्यासारखे वाहते आणि थोडा वेळ पुढचे दिसते. निपाणीच्या मुलखात तंबाखूला तोटा नाही, हे खरे. पण ही युक्ती सुरक्षित जागी पोहोचेपर्यंतच वापरावी. तिच्या भरवशावर प्रवास पुरा करू नये. वळण सोडून, रस्त्याच्या पुरते बाहेर गाडी घ्यावी, दिवे चालू ठेवावेत, आणि सर ओसरेपर्यंत थांबावे. घरी उशिरा पोहोचल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

एवढे सारे एका रबराच्या पट्टीसाठी कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने थोडा हिशेब करावा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर तोडते. समोरून ट्रक आला, त्याच्या दिव्यांचा प्रकाश रेघोट्या पडलेल्या ओल्या काचेवर फुटला, आणि दोनच सेकंद काही दिसले नाही, तर त्या दोन सेकंदांत गाडी २८ मीटर आंधळी धावते. आपल्या प्रार्थनामंदिरांपैकी कित्येकांची लांबीही तेवढी नसेल. बेळगावहून जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याचा घाट उतरताना, किंवा वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या आंबोलीवरून सावंतवाडीकडे जाताना, या २८ मीटरांत किती वळणे येतात ते तेथून जाणाऱ्यांना सांगावयास नको. वायपर मिनिटाला ४५ फेऱ्या घेतो असे धरले, तर तीन तासांच्या प्रवासात त्याच्या ८,१०० फेऱ्या होतात. तितक्या वेळा तो आपल्याला पुढचा रस्ता परत देतो.

आणि त्या रस्त्यावर आपण एकटे नसतो. छत्री वाऱ्याकडे धरून शाळेतून परतणारी मुले असतात. डोक्यावर इरले घेतलेला शेतकरी असतो, मागे दिवा नसलेली सायकल असते, डांबरावर बसलेली गुरे असतात. आपल्याला निदान सीटचा पट्टा आणि पत्र्याचे कवच आहे. त्यांना काहीच नाही. आपल्या काचेची स्वच्छता ही त्यांची सुरक्षा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतही चालू स्थितीतील वायपर आवश्यक मानलेला आहे. परंतु ख्रिस्ती माणसाला पोलिसाच्या पावतीपेक्षा मोठे कारण आहे.

ते कारण म्हणजे पाचवी आज्ञा. खून करू नको ही आज्ञा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली, आणि आपल्या हातून ती कधी मोडणार नाही अशा विश्वासाने मोठे झालो. पण ख्रिस्तसभा या आज्ञेचा अर्थ अधिक विस्ताराने शिकवते. १९९२ सालच्या धर्मशिक्षण ग्रंथात याच आज्ञेच्या विवेचनात, मद्याच्या किंवा वेगाच्या नादाने रस्त्यावर दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर अपराध सांगितला आहे. पुढे १९ जून २००७ रोजी व्हॅटिकनच्या तत्कालीन स्थलांतरितविषयक मंडळाने रस्त्यावरील माणसांच्या आध्यात्मिक सेवेसंबंधी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या आहेत. त्यांतील पहिली हीच पाचवी आज्ञा आहे, आणि रस्त्यावर जो अधिक दुर्बल त्याला जपण्याचे कर्तव्यही तेथे सांगितले आहे. वायपर बदलला नाही म्हणून कोणी पापनिवेदनाच्या रांगेत उभे राहावे, असे मी म्हणत नाही. परंतु पाते फुटलेले आहे हे माहीत असून, आजचा दिवस निघेल, उद्याचे उद्या पाहू, असे म्हणत जो मुलांनी भरलेली गाडी घाटात घालतो, त्याने आपल्या विवेकबुद्धीला एकदा प्रश्न विचारावा.

आपल्या गाड्यांतून संत ख्रिस्तोफर यांची लहान प्रतिमा असते, आरशाला जपमाळ टांगलेली असते. श्रद्धेची ही खूण उत्तम आहे. जपमाळ तेवढी डोळ्यांसमोर हेलकावे खाऊ नये, ती डॅशबोर्डच्या खणात ठेवावी. २५ जुलै हा या संताचा परंपरागत सण ऐन पावसात येतो, आणि त्या सुमारास कित्येक ठिकाणी वाहनांना आशीर्वाद दिला जातो. संत ख्रिस्तोफर यांचे चित्र नीट पाहा. बाळ येशूला खांद्यावर घेऊन ते पुराची नदी ओलांडत आहेत, आणि त्यांच्या हातात एक भक्कम सोटा आहे. प्रत्यक्ष प्रभू खांद्यावर असतानाही त्यांनी सोटा घरी ठेवला नाही. देवावरील भरवसा आणि हातातील साधन यांत विरोध नाही, हेच ते चित्र सांगते. शहाण्या कुमारिकांनीही तेल आधीच भरून घेतले होते. मध्यरात्री हाक आल्यावर दुकाने धुंडाळण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

तेव्हा कुटुंबप्रमुखांनी, विशेषतः घरातील तरुण चालकांनी, पहिली सर येण्यापूर्वी एक संध्याकाळ या कामासाठी काढावी. तांब्याभर पाणी, स्वच्छ फडके, मोजपट्टी आणि लागल्यास काही शे रुपये, एवढेच साहित्य. आपले झाले की शेजारच्या ज्या घरी वृद्ध माणसेच राहतात त्यांच्याही गाडीची काच पाहून यावी. मुलांना सोबत घ्यावे. पाणी ओतण्याचे काम ते आनंदाने करतील, आणि कशाची काळजी केव्हा घ्यावयाची हे न सांगता शिकतील.

असो. पुढील अंकी, सवड मिळाल्यास, याच गाडीच्या दिव्यांविषयी लिहीन. तोवर पवित्र मरिया तुमच्या वाटेवर तुमची सोबत करो, आणि तुमच्या वाटेवरील प्रत्येक जण सुखरूप घरी पोहोचो.